ओढ्याकाठचा खून आणि हौशी शोधक

रहस्यकथाप्रेमी मंडळींनो, वाळवंटी नदीला पाणी चढून इथे गोव्यात, साखळीत घरी बसायची वेळ आली तर डोरोथी सेयर्सची ‘फाइव्ह रेड हेरिंग्ज’ (१९३१) हाताशी ठेवा.

कथा घडते स्कॉटलंडच्या नैर्ऋत्येला, गॅलोवे भागात. गेटहाउस, कर्कूब्री ही खरीखुरी गावं. दोन्हीकडे चित्रकारांचा राबता. त्यातला कॅम्पबेल, गावभर भांडणं ओढवून घेतलेला, एक दिवस ओढ्यात मेलेला सापडतो. वर काठावर त्याचं अर्धवट चित्र, रंग अजून ओला. पाय घसरला असेल, असं कुणालाही वाटावं. पण सुट्टीवर आलेला लॉर्ड पीटर विम्झी, पोलीस नव्हे, निव्वळ हौशी शोधक, मृताचं सामान एकेक करून तपासतो. एक वस्तू नाहीये! कोणती, ते लेखिका मुद्दाम सांगत नाही, ओळखायचं आपण. मला तर हाच भाग सगळ्यात जास्त आवडतो.

संशयित सहा, सगळे चित्रकार. त्यांतले पाच निर्दोष. मधली रेल्वे वेळापत्रकांची प्रकरणं जड जातात, कागद-पेन्सिल घेऊनच बसा.

मराठीत हौशी शोधक म्हटलं की भा. रा. भागवतांचा फुरसुंगीचा फास्टर फेणे आठवतो. पण तो मुलांसाठी. मोठ्यांसाठी अशी कथा आपल्याकडे का घडू नये? हरवळ्याचा धबधबा आहे, विठ्ठलापूर आहे, बाजारात कुणाचं कुणाशी बिनसलंय ते सगळ्यांना ठाऊक असतं. कुणी लिहीत असेल तर जरूर कळवा, हस्तलिखित वाचायला मी तयार आहे.