तंबोऱ्याची जवारी

गाण्याच्या बैठकीस तुम्ही कधी गेला असाल, तर गवयाच्या मागे बसलेले त्याचे शिष्य तुम्ही पाहिले असतील. उभा तंबोरा अंगाशी धरून ते शांतपणे त्याच्या चार तारा छेडीत असतात. त्या तारांतून गाण्याची चाल निघत नाही की ताल निघत नाही. तेच स्वर पुनःपुन्हा उमटत राहतात. नवख्या श्रोत्यास वाटते, 'या वाद्याचे येथे काय काम?' परंतु तंबोरा मनासारखा लागल्यावाचून गवई गावयास आरंभ करीत नाही. भिंत असेल तरच तिच्यावर चित्र काढता येते. गवयाच्या गाण्याला तंबोऱ्याचा आधार असतो तो असाच.

हा तंबोरा घडतो कसा, तो पारखून कसा घ्यावा आणि जपावा कसा, हे समजून घ्यावयाचे असेल तर मिरजेस जावे. सांगली जिल्ह्यातील हे शहर तंतुवाद्यांसाठी भारतभर प्रसिद्ध आहे. पूर्वी येथे पटवर्धनांचे संस्थान होते. येथील वाद्ये बनविणाऱ्या घराण्यांचे पूर्वज शिकलगार, म्हणजे तलवारी व भाले यांना धार लावणारे कारागीर होते. इंग्रजी अमलात शस्त्रांची मागणी ओसरली आणि या कसबी हातांना काम उरले नाही. तेव्हा एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास फरीदसाहेब नावाच्या कारागिराने सतार व तंबोरे घडविण्यास प्रारंभ केला, असे सांगतात. जी बोटे पोलादाची धार पारखीत होती, ती आता तारेचा नाद पारखू लागली. पुढे या घराण्यांस 'सतारमेकर' हेच नाव पडले. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर मिरजेत राहून विद्या देत असत. विष्णु दिगंबर पलुसकर त्यांच्यापाशी येथेच शिकले. किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ यांनीही मिरजेत वास्तव्य केले. १९३७ मध्ये ते निवर्तले. त्यांच्या स्मरणार्थ तेथील मीरासाहेब दर्ग्यात आजही संगीताचा उत्सव होतो. ज्या गावात गवई आणि कारागीर शेजारी राहतात, तेथे वाद्यातील दोष फार दिवस लपत नाही!

मिरजेच्या सतारमेकर गल्लीतील दुकान म्हणजे बहुधा कारखानाही असतो. पुढे तयार तंबोरे टांगलेले असतात, तर आत कोणी लाकूड तासीत असतो, कोणी नक्षी कोरीत असतो, कोणी लाखेचे पॉलिश चढवीत असतो. कोपऱ्यात वाळलेल्या मोठमोठ्या भोपळ्यांची रास असते. हे भोपळे खाण्याचे नव्हेत. ते कडू व जाड सालीचे असून पंढरपूर, मंगळवेढा या भागांतून येतात. भोपळा पुरता वाळला म्हणजे तो कापतात, पाण्यात भिजवून मऊ करतात आणि आतील गर व बिया खरवडून काढतात. मग आतून काठ्यांचा आधार देऊन त्यास हवा तसा आकार देतात. भोपळ्याच्या तोंडावर लाकडाची पातळ फळी बसवितात, तिला तबली म्हणतात. भोपळ्यास गळा जोडतात व गळ्यास लांब पोकळ दांडी जोडतात. दांडीच्या टोकाशी तारा ताणण्यासाठी चार खुंट्या असतात. तबलीवर मध्यभागी एक लहानसा पाट ठेवल्यासारखा दिसतो; ती घोडी होय. चारही तारा तिच्यावरून जातात.

एवढे झाले म्हणजे तंबोरा पुरा झाला, असे तुम्हांस वाटेल. पण कारागीर हसून म्हणेल, "अंग तयार झाले, बाळ, अजून आवाज यावयाचा आहे." तो आवाज जवारीने येतो.

घोडीचा वरचा पृष्ठभाग पाहता सपाट दिसतो; पण तो तसा नसतो. त्यास अगदी किंचित गोलाई असते. ही गोलाई नेमकी साधणे म्हणजे जवारी काढणे. त्याचे माप पट्टीने घेता येत नाही. कारागीर घोडीवर कानस हलकेच फिरवितो, तारा चढवितो, एक तार छेडतो आणि कान देऊन ऐकतो. मनास पटले नाही तर तारा बाजूला सारून पुन्हा कानस घेतो. चारही तारांच्या जागी हे काम वेगवेगळे करावे लागते. कानशीचा एक फेरा अधिक पडला, तर साधत आलेली जवारी बिघडते व सारे पहिल्यापासून करावे लागते. हे काम शिकावयास कित्येक वर्षे लागतात, कारण येथे हाताइतकाच कानही तयार व्हावा लागतो.

शेवटी घोडी आणि तार यांच्यामध्ये सुताचा किंवा रेशमाचा एक धागा सरकवितात. त्या धाग्यास 'जीव' म्हणतात. केसभर पुढे, केसभर मागे असे करता करता एक क्षण असा येतो की, आतापर्यंत मुकी वाटणारी तार एकाएकी गुंजू लागते. धाग्याचे हे नाव किती सार्थ आहे ते त्या क्षणी कळते.

असे का होते? व्हायोलिनच्या तारेचा आधार अरुंद कडेवर असतो. त्यामुळे तार एका ठिकाणीच टेकते. तंबोऱ्याची तार मात्र कंप पावताना घोडीच्या गोलाईला कधी कमी, तर कधी अधिक स्पर्श करते. या सततच्या स्पर्शामुळे मूळ स्वराबरोबर त्यात दडलेले अनेक सूक्ष्म स्वरही जागे होतात. एखादी तार अगदी मध्यावर छेडली असता त्यांतील काही स्वर उमटू नयेत, असा तारांच्या कंपनाचा जुना नियम आहे. परंतु तंबोऱ्यात तेही स्पष्ट ऐकू येतात. थोर शास्त्रज्ञ चंद्रशेखर वेंकट रामन यांनी आपल्या तंतुवाद्यांचा अभ्यास करून १९२१ मध्ये ही गोष्ट जगापुढे मांडली आणि तिचे कारण घोडीच्या या विशिष्ट रचनेत असल्याचे दाखविले. शास्त्रज्ञाने जे प्रयोगाने सिद्ध केले, ते कारागिरांच्या कानांनी कितीतरी आधी हेरले होते.

आता तंबोरा पारखावयाचा कसा, ते पाहू. दुकानदार पहिल्यांदा विचारील, "गाणार कोण? पट्टी कोणती?" पुरुषांचा स्वर खालचा, म्हणून त्यांचा तंबोरा मोठा असतो. स्त्रियांचा व मुलांचा स्वर उंच, म्हणून त्यांचा लहान. तारांची जाडीही पट्टीप्रमाणे ठरते. तेव्हा केवळ नक्षी पाहून वाद्य निवडू नये. आधी भोपळ्यास व जोडांस कोठे तडा नाही ना, दांडी सरळ आहे ना, खुंट्या फिरविल्यावर घट्ट राहतात ना, हे पाहावे. मग तारा लावून घ्याव्यात. पहिली तार बहुधा पंचमात लावतात. ज्या रागात पंचम नाही, त्यासाठी ती मध्यमात किंवा निषादात लावतात. मधल्या दोन तारांची जोडी षड्जात असते आणि चौथी, पितळेची, त्याखालच्या षड्जात. तिला खर्ज म्हणतात. पहिली तार मधल्या बोटाने आणि उरलेल्या तीन तर्जनीने छेडाव्यात. बोट हलके ठेवावे. तार ओढू नये.

"छेडताना ऐकू नका, बोट उचलल्यावर ऐका," हा अनुभवी कारागिरांचा उपदेश लक्षात ठेवण्याजोगा आहे. बोट उचलल्यानंतर नाद फुलत गेला पाहिजे. तो लगेच विझला तर जवारी लागलेली नाही. नुसती खरखर आली तर तीही सदोष समजावी. कोणास खुली, झगझगीत जवारी आवडते, तर कोणास बंद, गोड जवारी. आपली आवड कारागिरास मोकळेपणाने सांगावी. शेवटी खर्जाची तार छेडून डोळे मिटावेत. चार तारांपैकी एकही गंधारात लावलेली नसते. तरीही तंबोरा उत्तम लागला असेल, तर त्या खर्जातून गंधार हळूच ऐकू येतो. त्यास स्वयंभू गंधार म्हणतात. तो ऐकू आला की वाद्य, ते घडविणारा आणि ते लावणारा या तिघांचीही परीक्षा उतरली असे समजावे.

घरी आणलेला तंबोरा जपावाही लागतो. त्यास कडक ऊन व ओल सोसत नाही. वाजवून झाल्यावर तारा कोरड्या फडक्याने पुसाव्यात आणि वाद्यावर गवसणी घालावी. तंबोरा भिंतीशी तिरपा टेकवून ठेवू नये. तो घसरला तर भोपळा फुटतो. खुंटी सरकू लागली तर तिच्यावर थोडा खडू घासावा. स्वर किंचित उतरला असेल, तर खुंटी पिळण्याऐवजी घोडीखालील तारेत ओवलेला मणी सरकवावा. तारांच्या घर्षणाने काही काळानंतर घोडीवर बारीक चरे पडतात व नाद बसका होतो. तेव्हा वाद्य निकामी झाले असे समजू नये. जाणत्या हाताकडून पुन्हा जवारी काढून घेतली की तेच वाद्य पूर्ववत बोलू लागते. घरी मात्र कानस हाती घेऊ नये!

आता या गल्लीतील अलीकडची वार्ता. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीस व तंबोऱ्यास भौगोलिक मानांकन मिळाले. याचा अर्थ असा की, मिरजेत परंपरेने घडलेल्या वाद्यासच आता ते नाव लावता येईल. ही आनंदाची गोष्ट होय. परंतु दुसरीही एक गोष्ट कारागीर सांगतात. आता विजेवर चालणारे तंबोरे आले आहेत आणि मोबाइलमध्येही तंबोऱ्याचा नाद साठविलेला असतो. ही साधने हलकी, स्वस्त व सोयीची आहेत. प्रवासात आणि एकट्याने सराव करताना त्यांचा उपयोग होतो, यात शंका नाही. परंतु यंत्राचा स्वर आयता मिळतो. खरा तंबोरा मात्र रोज आपल्या हातांनी लावावा लागतो आणि तो लावता लावताच कान तयार होतो. शिवाय ज्यास मागणी नाही, ती कला शिकावयास नव्या पिढीतील मुले कशी येणार? मानांकनाचा कागद जपून ठेवता येतो. हातातील कसब मात्र एका हाताने दुसऱ्या हातास दिले तरच टिकते.

म्हणून मुलांनो, पुढच्या वेळी गाण्याच्या बैठकीस गेलात, म्हणजे गवई गाण्यास आरंभ करण्यापूर्वीची ती चार-पाच मिनिटे कंटाळून घालवू नका. तंबोरे लागत असतात तेव्हा कान देऊन बसा. खुंटी फिरते, मणी सरकतो, जीव केसभर हलतो. आणि मग दोन्ही तंबोरे एकच होऊन गुंजू लागतात. त्या गुंजनात गंधार शोधा. तो तुम्हांस सापडला, तर मिरजेच्या गल्लीत कानस हाती घेऊन बसलेल्या त्या अनामिक कारागिराची आठवण अवश्य करा.