मिसळीला मार्क कसे द्यावेत?

मेसच्या नाश्त्याला कंटाळून रविवारी सकाळी हॉस्टेलची मंडळी मिसळीच्या शोधात शहरात हिंडतात, हे काही नवीन नाही. मी पडले कसबा पेठेतली लोकल. त्यामुळे "चल, बेस्ट मिसळ कुठे मिळते ते दाखव" ही ड्यूटी दर सेमिस्टरला माझ्याकडेच येते.

मागच्या सेमला आमच्या वर्गातल्या एका कोल्हापूरकराला मी आमच्या आळीतल्या छोट्या हॉटेलात घेऊन गेले. प्लेट आली. खाली पोहे आणि बटाट्याची भाजी, वर चिवडा-शेव, त्यावर हिरवट-पिवळं सँपल आणि बाजूला ब्रेडच्या स्लाइस. पठ्ठ्याने काहीतरी हरवल्यासारखी चमच्याने प्लेट उकरून पाहिली आणि विचारलं, "ह्यात कट कुठाय?"

मी म्हटलं, "आमच्याकडे नसतो."

"मग ही मिसळच न्हवं!"

एवढ्यावर थांबला असता तर हा लेख लिहावाच लागला नसता. पण हॉस्टेलवर परतल्यावर त्याने मोबाईलवरून त्या हॉटेलला दोन स्टार दिले आणि खाली इंग्लिशमध्ये लिहिलं की इथे तर्री मिळत नाही, ही खरी मिसळ नव्हे. चार दिवसांनी हॉटेलच्या काकांनी मला हाक मारली आणि मोबाईल पुढे केला. "बाळ, तू इंग्लिश मीडियमची ना? काय लिहिलंय बघ गं जरा." कॉन्व्हेंटमध्ये शिकलेल्या इंग्लिशचा असा उपयोग होईल असं कधी वाटलं नव्हतं! मी अर्धंच वाचून दाखवलं. उरलेलं त्यांना माझ्या चेहऱ्यावरून कळलं असावं. म्हणाले, "म्हणजे चव वाईट लागली का त्याला?"

हा प्रश्न माझ्या डोक्यातून जाईना. कारण चव वाईट आहे असं त्याने कुठेच लिहिलं नव्हतं. मिसळ कोल्हापूरची नाही, एवढाच तिचा गुन्हा! म्हणजे पेपर मॅथ्सचा आणि मार्क कापले केमिस्ट्रीचे. तेव्हा दोन मिसळींची तुलना करायची तर ती कशी, यावर थोडा विचार केला, तो इथे मांडते.

आधी सिलॅबस बघा

मिसळ हे एका पदार्थाचं नाव नाही, ते एका घराण्याचं नाव आहे. कोल्हापूरला फडतरे, खासबाग, चोरगे अशी नावं घेतात. तिथे मोड आलेली मटकी, कांदा-लसूण मसाला आणि वर तरंगणारा लालभडक कट. नाशिकला काळा मसाला, सोबत पापड, दही आणि पाव. जुन्या पुणेरी मिसळीत पोहे असतात आणि तिखटपणा बराचसा हिरवी मिरची आणि आल्याचा.

बरं, पुण्यातही सगळं एकसारखं नाही. फडके हौदाजवळच्या, शंभरी ओलांडलेल्या वैद्य उपाहार गृहाची मिसळ लाल तर्रीशिवायची. नारायण पेठेतल्या बेडेकरांच्या मिसळीत तिखटाला गोडसर जोड. तुळशीबागेतल्या श्रीकृष्ण भुवनाची चव आणखी वेगळी, आणि टिळक रोडवरचं रामनाथ हे खास तिखट खाणाऱ्यांचं. ही सगळी ठिकाणं एकमेकांपासून सहज चालत जाण्याच्या अंतरावर आहेत!

हा घोळ फक्त आपलाच नाही. आपल्या उपनगरांत आता बरीच इटालियन रेस्टॉरंट झाली आहेत, तिथेही हेच चालतं. "पिझ्झा मधे मऊ आहे, कच्चा राहिलाय" अशी तक्रार हमखास ऐकू येते. पण नेपल्स शहराच्या पद्धतीचा पिझ्झा मधे मऊच असतो. लाकडावर तापवलेल्या भट्टीत, सुमारे ४८५ अंश सेल्सियसला, तो जेमतेम ६० ते ९० सेकंद भाजतात. ही पद्धत जपण्यासाठी नेपल्सच्या पिझ्झावाल्यांनी १९८४ मध्ये संघटना काढली आणि नियमच लिहून ठेवले. याउलट रोमचा पिझ्झा पातळ आणि कुरकुरीत. नेपल्सचा पिझ्झा कुरकुरीत नाही म्हणून मार्क कापणं आणि कसब्याच्या मिसळीत कट नाही म्हणून मार्क कापणं, चूक एकच. फरक इतकाच, की आमच्या काकांनी नियम कुठे लिहून ठेवलेले नाहीत.

लाल म्हणजे तिखट नव्हे

आता थोडं सायन्स. (पळू नका, वायव्हा नाहीये!) मिरचीचा लाल रंग कॅप्सँथिन नावाच्या द्रव्यामुळे येतो आणि तिखटपणा कॅप्सेसिनमुळे. दोन्ही वेगळी. ब्याडगी मिरचीत रंग भरपूर आणि तिखटपणा बेताचा. हिरव्या मिरचीत लाल रंग नाही, पण कॅप्सेसिन आहेच. म्हणून तर्री बघून तिखटपणाचा अंदाज बांधणारे फसतात. आमचा कोल्हापूरकर "फिक्की दिसतीय" म्हणाला खरा, पण तिसऱ्या घासाला नाक पुसत होता!

गंमत म्हणजे तिखट ही चव नाहीच. आपल्या तोंडातल्या नसांवर उष्णता ओळखणारे रिसेप्टर असतात. साधारण ४३ अंशांच्या वर ते "भाजतंय" असा सिग्नल देतात. कॅप्सेसिनमुळे तेच रिसेप्टर चालू होतात. या शोधासाठी डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ चं नोबेल विभागून मिळालं. म्हणजे तीच मिसळ कडकडीत गरम खाल्ली तर जास्त तिखट लागते आणि निवल्यावर कमी. आता एका ठिकाणी पहिल्या वाफेची मिसळ खायची, दुसरीकडे गप्पा मारत निवलेली, आणि मग "ही जास्त झणझणीत" असा निकाल द्यायचा, याला काय अर्थ आहे?

तर्रीचंही एक काम आहे. रश्शावरचा तेलाचा थर वाफ बाहेर जाऊ देत नाही, त्यामुळे खालचा रस्सा बराच वेळ तापलेला राहतो. वरून वाफ दिसत नाही म्हणून बिनधास्त चमचा तोंडात घालाल तर जीभ पोळेल. आणि तिखट लागल्यावर पाणी पिऊन फायदा नाही. कॅप्सेसिन पाण्यात फारसं विरघळत नाही. दही किंवा ताक घ्या, त्यातलं केसीन हे प्रोटीन कॅप्सेसिनला धरून नेतं. नाशिककर दही उगीच देत नाहीत!

प्रॅक्टिकल

तुलना करायचीच असेल तर चार गोष्टी पाळा.

१) एका दिवशी एकच मिसळ. पहिल्या तिखटाने जीभ बधिर होते, मग दुसऱ्या हॉटेलवर अन्याय होतो. दोन खायच्याच असतील तर पुढच्या रविवारी क्रम उलटा करा.

२) पहिला घास सँपल ओतल्या ओतल्या, दुसरा तीन-चार मिनिटांनी घ्या. फरसाण कुरकुरीत असताना आणि भिजल्यावर, मिसळ दोन वेगळ्या लागतात.

३) नुसतं सँपल एक चमचा चाखा. शेव, कांदा, लिंबू सगळ्यांना सांभाळून घेतात. चूक लपत नाही ती सँपलमध्येच.

४) मार्क देण्याआधी विचारा, "ही कुठल्या पद्धतीची?" मालक आनंदाने सांगतात. (दुपारी एक नंतर विचारू नये!)

तर मंडळी, हे चारही नियम पाळून मी कोल्हापूरकराला परत त्याच बाकावर बसवलं. या खेपेला काका स्वतः आले. "तिखट हवं तर ठेचा देतो वेगळा. कट मात्र मिळायचा नाही." त्याने मुकाट्याने खाल्लं, दोनदा सँपल मागून घेतलं. शेवटी म्हणाला, "मिसळ म्हणाल तर कोल्हापूरचीच. पण ही... चांगली आहे."

स्टार त्याने दोनाचे चार केले, पाच नाही. आणि खाली या वेळी मराठीत लिहिलं : पुणेरी पद्धत, हिरव्या मिरचीची, तर्री मागू नये. काकांनी ते स्वतः वाचलं, दोनदा. मला वाटतं वाढलेल्या स्टारपेक्षा त्यांना तेच जास्त आवडलं. माझी गरज पडली नाही याचं मलाही बरं वाटलं.

सप्टेंबर २०२४ पासून कसबा पेठेला मेट्रोचं स्टेशन आहे, सिव्हिल कोर्टाच्या पुढचंच. तेव्हा या एखाद्या रविवारी. दाखवायला मी येईन, बिल मात्र ज्याचं त्याने भरायचं!