दीर्घकालीन आजार आणि वर्गमित्र : मुलाला स्वतःचा आजार सांगायला मदत करणे

प्रस्तावना

समजा, बेंगळुरूच्या एका शाळेत चौथीत शिकणारी एक मुलगी आहे. ती घरी मराठी बोलते, वर्गात इंग्रजी आणि मैदानावर कन्नड. तिला टाइप १ मधुमेह आहे. एके दिवशी खेळाच्या तासाला तिचे हात थरथरू लागतात, तिला घाम फुटतो. ती खिशातून ग्लुकोजची पुडी काढते. तेवढ्यात शेजारची मैत्रीण काळजीने ती पुडी हिसकावून घेते आणि म्हणते, "तुला शुगर आहे ना? गोड खायचं नाही!"

मैत्रिणीचा हेतू चांगला आहे, पण माहिती अर्धवट आहे आणि ती या क्षणी धोक्याची आहे. आपला आजार वर्गमित्रांना सांगण्यासाठी मुलाला कशी मदत करावी, हे या पाठात आपण पाहू. मानसशास्त्र, समाजकार्य, शिक्षणशास्त्र आणि परिचर्या या विषयांच्या विद्यार्थ्यांना पुढे हे काम प्रत्यक्ष करावे लागेल.

१. नावातला गैरसमज

मधुमेहाला बोली कन्नडमध्ये 'सक्करे कायिले' म्हणतात, म्हणजे साखरेचा आजार. मराठीतही आपण 'त्याला शुगर आहे' असे सहज म्हणतो. त्यामुळे ऐकणाऱ्याला वाटते की आजार साखर खाल्ल्याने झाला आणि साखर म्हणजे विषच.

टाइप १ मधुमेहात शरीराची रोगप्रतिकार यंत्रणा स्वादुपिंडातील इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशी नष्ट करते. गोड खाण्याने तो होत नाही आणि स्पर्शाने पसरत नाही. इन्सुलिन बाहेरून रोज घ्यावेच लागते. व्यायामामुळे, जेवण चुकल्यामुळे किंवा इन्सुलिन जास्त झाल्यामुळे रक्तातील साखर ७० मिलीग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली गेली, तर तिला 'हायपो' म्हणतात. अशा वेळी साखर हेच औषध असते. ती किती द्यायची हे डॉक्टरांनी सांगून ठेवलेले असते. साखर दिल्यावर १५ मिनिटांनी पुन्हा तपासणी करतात. मूल बेशुद्ध असेल, तर मात्र तोंडात काहीही घालायचे नसते; तातडीने वैद्यकीय मदत बोलवायची असते.

२. वर्गमित्रांना काय समजते?

बिबेस आणि वॉल्श यांनी १९८० मध्ये, पियाजे यांच्या टप्प्यांच्या आधारे, मुलांच्या आजारविषयक कल्पनांचे वर्णन केले. साधारण सात वर्षांखालील मूल जवळ असण्याचाच आजाराशी संबंध जोडते : 'तो माझ्या शेजारी बसला, म्हणून मला झालं.' सात ते दहा वर्षांच्या वयात स्पर्श, घाण किंवा वाईट वागणूक यांतून आजार होतो असे वाटते. शरीराच्या आत काय बिघडते, हे साधारण अकरा वर्षांनंतर नीट उमगते.

म्हणूनच चौथीच्या वर्गात स्वादुपिंडाचे चित्र काढण्याआधी दोन प्रश्नांची उत्तरे द्यावी लागतात : 'मला होईल का?' आणि 'तू काही चूक केलीस का?' मुले हे प्रश्न मोठ्याने विचारत नाहीत, पण डबा वाटून खाणे बंद करतात.

३. सांगण्याची तयारी

मुलाला भाषण पाठ करायला लावू नका. चार छोटी वाक्ये पुरेशी असतात, आणि ती मुलाच्याच शब्दांत असावीत :

(अ) काय आहे : 'माझं शरीर इन्सुलिन बनवत नाही, म्हणून मी ते टोचून घेते.'
(आ) काय नाही : 'हे तुला होणार नाही. चॉकलेट खाऊन मला झालेलं नाही.'
(इ) काय करायचे : 'मी थरथरायला लागले, तर मला साखर घेऊ दे आणि बाईंना बोलव.'
(ई) काय करायचे नाही : 'माझा डबा तपासू नकोस. मला खेळात घ्यायचं थांबवू नकोस.'

ही वाक्ये वर्गाच्या भाषेत हवीत. मराठीत घोटलेले वाक्य हायपोच्या क्षणी कन्नडमध्ये आठवेलच असे नाही. 'ननगे सक्करे बेकु', म्हणजे 'मला साखर हवी आहे', एवढे तरी जिभेवर असावे. घरी सराव करताना आईने किंवा बाबांनी खवचट वर्गमित्र व्हावे आणि अवघड प्रश्न विचारावेत. 'मला माहीत नाही' आणि 'मला आत्ता सांगायचं नाही' हीसुद्धा उत्तरे आहेत, हे मुलाला शिकवा.

४. किती सांगायचे, हे कोणी ठरवायचे?

गॉफमन यांनी १९६३ च्या 'स्टिग्मा' या पुस्तकात दिसणाऱ्या आणि लपवता येणाऱ्या कलंकात फरक केला. लपवता येणारी गोष्ट असेल, तर 'सांगू की नको' हा ताण माणूस सतत वाहतो. मधुमेह, अपस्मार, थॅलेसेमिया असलेली मुले हाच ताण वाहतात.

येथे दोन हक्क एकमेकांना भिडतात : मुलाची खासगी बाब आणि मुलाची सुरक्षितता. त्यांची गल्लत करू नका. वर्गशिक्षिका, खेळाचे शिक्षक आणि बसमधील ताई यांना माहिती देणे ही पालकांची जबाबदारी आहे; तो मुलाच्या इच्छेचा प्रश्न नाही. वर्गमित्रांना केव्हा, किती आणि कोणी सांगायचे, हे मात्र मुलाला विचारूनच ठरवावे. शिक्षिकेने न विचारता मुलाला वर्गासमोर उभे केले, तर चांगला हेतूही अपमान ठरतो. काही मुलांना पूर्ण वर्गापेक्षा दोन जवळच्या मित्रांपासून सुरुवात करणे सोपे जाते.

आणखी एक सावधगिरी : वर्गमित्र मदत बोलावू शकतात, पण नऊ वर्षांच्या मैत्रिणीवर पहारेकऱ्याचे ओझे टाकू नये.

५. शाळेची साथ

मूल बोलले, पण शाळेचे नियम आड आले, तर सांगणे वाया जाते. सीबीएसईने २०१७ मध्ये बोर्डाच्या परीक्षेला टाइप १ मधुमेह असलेल्या विद्यार्थ्यांना साखरेच्या गोळ्या, फळे, सँडविच आणि पाणी सोबत नेण्याची मुभा दिली. राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाने २०२३ मध्ये राज्यांना पत्र लिहून अशा मुलांना शाळेत साखर तपासू द्यावी, इन्सुलिन घेऊ द्यावे आणि मधल्या वेळेत खाऊ द्यावे, असे कळवले. मूल इंजेक्शन स्वच्छतागृहात लपून घेते की वर्गात मोकळेपणाने, यावरून त्या शाळेत या सूचना किती पोहोचल्या हे कळते.

सारांश

वर्गमित्रांना सांगण्याचा उद्देश सहानुभूती मिळवणे हा नाही. आजार काय आहे, काय नाही आणि गरज पडल्यास काय करायचे, एवढे त्यांना कळावे. कथा मुलाची, म्हणून शब्द आणि वेळ मुलाची. सुरक्षिततेची जबाबदारी मात्र मोठ्यांची.

स्वाध्याय

१. पहिलीच्या आणि आठवीच्या वर्गाला दमा समजावणारी प्रत्येकी चार वाक्ये तुमच्या परिसरातील भाषेत लिहा. दोन्हींत काय बदलले, ते सांगा.
२. बारा वर्षांचा मुलगा अपस्माराबद्दल कोणालाच सांगायला तयार नाही. शिक्षकांना आणि वर्गमित्रांना काय सांगावे, याबाबत तुम्ही पालकांना कोणता सल्ला द्याल? कारणे द्या.