खांदा वळला की कुत्रा वळतो

ठाण्यातल्या वर्तकनगरहून सकाळी उपवनकडे कुत्री फिरवायला निघालेली मंडळी पाहा. कुत्रा पुढे, मालक मागून फरफटतोय. अजिलिटी या कुत्र्यांच्या अडथळा-शर्यतीच्या मैदानातही कुत्रा पुढेच असतो, फक्त हातात दोरी नसते. एफसीआय या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या स्पर्धांत धावताना गळ्यात पट्टा चालत नाही, हातात खाऊ चालत नाही, कुत्र्याला हात लावला तर गुण जातात. हँडलरकडे, म्हणजे कुत्र्याला वाट दाखवणाऱ्या माणसाकडे, उरतो तो आवाज आणि स्वतःचं अंग.

खेळ तसा अलीकडचा. १९७८ साली लंडनच्या क्रफ्ट्स प्रदर्शनात दोन कार्यक्रमांमधली रिकामी वेळ भरायची होती, म्हणून पीटर मीनवेल या प्रशिक्षकाने घोड्यांच्या शो जंपिंगवरून अडथळे बेतले. लोकांनी ते डोक्यावर घेतलं. १९९६ पासून एफसीआयची जागतिक स्पर्धा भरते.

एका फेरीत १५ ते २२ अडथळे. उड्या, बोगदा, सीसॉ, उतरत्या छपरासारखी ए-फ्रेम, उंच अरुंद फळी, आणि साठ-साठ सेंटिमीटरवर रोवलेल्या बारा काठ्या. क्रमाचे आकडे लावलेले असतात, पण ते वाचायचे हँडलरने. परीक्षक मग खोड्या काढतो. फळीच्या चढाला खेटून बोगद्याचं तोंड ठेवतो. बोगदा म्हणजे बहुतेक कुत्र्यांचा जीव की प्राण. हँडलरचा खांदा जरा तिकडे झुकला की स्वारी आत गेलीच. चुकीचा अडथळा घेतला की फेरी बाद. उडीची दांडी पडली तर पाच दोष, अडथळा नाकारला तरी पाच, आणि तिसऱ्या नकाराला घरी.

फेरीआधी हँडलरांना काही मिनिटं कुत्र्याविना मैदान फिरून पाहू देतात. चांगली शहाणीसुरती माणसं हात हलवत, स्वतःशी पुटपुटत, नसलेल्या कुत्र्याला हाका मारत गोल फिरतात. पण फेरी निम्मी जिंकली जाते ती इथेच.

कारण सगळा खेळ वेळेचा आहे. हवेत असलेल्या कुत्र्याला वळता येत नाही. कुठे उतरायचं ते त्याने जमीन सोडतानाच ठरवलेलं असतं. उडीनंतर डावीकडे वळायचं असेल तर उडीआधीच हँडलरचा वेग कमी व्हायला हवा, पावलं आणि छाती डावीकडे वळायला हवी. नवखा हँडलर कुत्रा जमिनीवर येईपर्यंत थांबतो, मग ‘इकडे, इकडे!’ ओरडतो. तोवर कुत्रा दोन-तीन ढांगा पुढे, समोरच्या भलत्याच दांडीवर. प्रेक्षक म्हणतात, कुत्रा ऐकत नाही. त्याने तर बरोबर ऐकलेलं असतं, फक्त निरोप उशिरा पोचला.

वळणावर हँडलरला कुत्र्याच्या एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला जावं लागतं. अशी बाजू बदलण्याच्या युक्त्या मुख्यतः तीन. फ्रंट क्रॉसमध्ये हँडलर कुत्र्याच्या पुढून, त्याच्याकडे तोंड करून वळतो. कुत्र्याला सगळं स्वच्छ दिसतं, पण त्यासाठी आधी पोचावं लागतं. ब्लाइंड क्रॉसमध्येही पुढूनच जायचं, पण त्याला पाठ दाखवून. यात वेळ वाचतो, मात्र क्षणभर कुत्रा नजरेआड होतो. पाय थकले असतील तर रिअर क्रॉस: कुत्र्याला पुढे धाडून त्याच्यामागून बाजू बदलायची. माझ्या मते पन्नाशीच्या हँडलरने हाच आधी घोटावा.

काठ्यांत शिरताना पहिली काठी कुत्र्याच्या डाव्या खांद्याला हवी. सरळ रेषेत ते सोपं, तिरक्या कोनातून भरधाव येताना अवघड. सीसॉवर वेगळीच पंचाईत. फळी आदळल्याचा धाडकन आवाज एकदा मनात बसला की कुत्रा त्या बाजूला फिरकत नाही. म्हणून सुरुवात विटेवर ठेवलेल्या बुटक्या फळीपासून, खाली जुनी गोधडी घालून.

आपल्याकडे सराव करायचा तर पहिला प्रश्न जमिनीचा. सोसायटीतले पेव्हर ब्लॉक आणि घरातल्या गुळगुळीत टाइल्स उड्यांसाठी वाईटच; पाय घसरतात, सांधे दुखावतात. माती किंवा गवत हवं, आणि उन्हाळ्यात वेळ पहाटेची. प्लंबरकडचे पीव्हीसी पाइप मातीत खोचले की काठ्या तयार. पिल्लाची हाडं पक्की होईपर्यंत दांडी जमिनीवरच ठेवायची. एफसीआय दीड वर्षाखालच्या कुत्र्याला स्पर्धेत उतरूच देत नाही. त्यांच्या जागतिक स्पर्धेला वंशावळीचे कागदही लागतात, त्यामुळे गल्लीतल्या गावठी कुत्र्याला तिथे दार बंद. पण वर्तकनगरच्या पार्किंगमध्ये रिक्षा, स्कूटर आणि वॉचमनची खुर्ची चुकवत तो ज्या सफाईने वळतो, ते पाहून बॉर्डर कॉली जातीचे कुत्रे पाळणाऱ्यांनाही हेवा वाटावा.