काळोखाची चौकट : पैठणचा वेताळ आणि जपानी चित्रकथामालिका

वसई तालुक्यातील भुईगावात १९५६ साली बेसॉल्टच्या एका फुटक्या शिळेवर सम्राट अशोकाच्या नवव्या शिलालेखाचा तुकडा सापडला. शेजारच्या सोपाऱ्यात पंडित भगवानलाल इंद्रजींना १८८२ मध्ये आठव्या लेखाचा तुकडा मिळाला होताच, त्यामुळे प्राचीन शूर्पारक बंदराच्या परिसरात अशोकाची लेखमाला कोरलेली होती, ही गोष्ट या दुसऱ्या तुकड्याने अधिक पक्की झाली. नवव्या लेखाचा विषय मंगलविधी हा आहे. आजारपण, लग्नकार्य, अपत्यजन्म आणि प्रवास अशा प्रसंगी लोक नाना प्रकारचे विधी करतात, त्यांपैकी पुष्कळसे क्षुद्र आणि निरर्थक असतात, आणि खरे मंगल म्हणजे दास-नोकरांशी नीट वागणे, वडीलधाऱ्यांचा मान राखणे आणि प्राण्यांच्या बाबतीत संयम पाळणे, असे त्यात सांगितले आहे. माणसाला भय नेमके कोठे गाठते, याची ही यादी आजही फारशी बदललेली नाही. या भयाला माणसाने पूर्वापार दोन उत्तरे दिली, एक विधी आणि दुसरे कथा. अशोकाने पहिल्याची चिकित्सा केली. प्रस्तुत लेखाचा विषय दुसरे उत्तर हा आहे.

या दुसऱ्या उत्तराचे आज जगभर वाचले जाणारे एक रूप जपानमध्ये घडले. तेथील चित्रकथेला 'मांगा' म्हणतात आणि तिच्या अनेक उपप्रकारांत 'डार्क फँटसी', म्हणजे काळोखी अद्भुतकथा, हा एक महत्त्वाचा प्रकार आहे. केवळ भुताखेतांनी दचकवणे हा तिचा हेतू नसतो. अद्भुताच्या आधाराने लोभ, मत्सर, अपराधभाव आणि शोक यांचा शेवट कोठे होतो हे ती दाखवते, आणि चांगल्याचे चांगलेच होईल अशी हमी ती देत नाही. अशा स्वतंत्र कथा एका सूत्रात ओवल्या की त्यांची कथामालिका होते. अशा मालिकेत प्रत्येक कथेतील माणसे नवी असतात. कायम राहतो तो एखादा निवेदक, एखादे दुकान किंवा एखादा सौदा. मात्सुरी आकिनो या चित्रकथाकर्तीची १९९५ पासूनची 'पेट शॉप ऑफ हॉरर्स' ही मालिका याचा उत्तम नमुना आहे. अमेरिकेतील एका चायनाटाउनमध्ये 'काउंट डी' नावाच्या गूढ माणसाचे दुर्मीळ प्राण्यांचे दुकान असते, तेथे प्रत्येक ग्राहकाला प्राण्याबरोबर काही अटींच्या करारावर सही करावी लागते, आणि ग्राहक आपल्याच दुबळेपणामुळे अट मोडतो तेव्हा त्याचे परिणाम त्यालाच भोगावे लागतात. फुजिको फुजिओ 'ए' यांच्या मालिकेतला हसरा विक्रेता, किंवा 'क्लॅम्प' या लेखिका-चित्रकार गटाच्या 'होलिक' मालिकेतली, इच्छा पुरी करून तिच्या तोलाची किंमत वसूल करणारी युको, ही सगळी याच कुळातली पात्रे होत.

मराठी वाचकाला ही रचना ओळखीची वाटते, आणि त्याला सबळ कारण आहे. स्वतंत्र कथांना धरून ठेवणारी, स्वतःही भयावह असणारी अशी चौकटकथा, म्हणजे ज्या कथेच्या पोटात इतर कथा सांगितल्या जातात ती बाहेरची कथा, जगाला ठाऊक असलेल्या तिच्या श्रेष्ठ रूपांपैकी एका रूपात थेट महाराष्ट्राच्या भूमीवर उभी आहे. विक्रम-वेताळाची गोष्ट उज्जैनची, अशी सर्वसाधारण समजूत असली, तरी अकराव्या शतकात काश्मीरमध्ये राणी सूर्यमतीसाठी सोमदेवाने रचलेल्या 'कथासरित्सागरा'त वेताळाच्या कथांचा राजा त्रिविक्रमसेन हा आहे आणि त्याची राजधानी गोदावरीकाठचे प्रतिष्ठान, म्हणजे पैठण, ही आहे. क्षांतिशील नावाचा भिक्षू रोज राजाला एक फळ आणून देतो, राजा ते कोठीवाल्याकडे सोपवतो, आणि एके दिवशी माकडाने फोडलेल्या फळातून रत्न बाहेर पडते तेव्हा इतकी वर्षे साठलेल्या ऋणाची जाणीव राजाला होते. ते फेडण्यासाठी तो भिक्षूच्या सांगण्यावरून स्मशानातल्या शिंशपा वृक्षावर लटकणारे प्रेत खांद्यावर घेऊन निघतो, आणि प्रेतातला वेताळ वाट सरावी म्हणून कथा सांगू लागतो.

या चौकटीचे मर्म वेताळाच्या अटीत आहे. उत्तर ठाऊक असूनही राजा गप्प राहिला तर त्याच्या डोक्याची शकले होतील, आणि तो बोलला तर वेताळ पुन्हा झाडावर जाईल. न्याय करणे हे राजाचे कर्तव्य आणि मौन पाळणे ही त्याची गरज, अशा कात्रीत प्रत्येक कथा त्याला पकडते, आणि त्याच्याबरोबर वाचकालाही निवाडा करायला भाग पाडते. शेवटच्या कथेत ही अट अत्यंत कौशल्याने उलटवली आहे. एक पिता आणि पुत्र रानात दोन स्त्रियांची पावले उमटलेली पाहतात आणि मोठ्या पावलांची स्त्री पित्याने, लहान पावलांची पुत्राने वरावी असे ठरवतात. प्रत्यक्षात त्या मायलेकी निघतात आणि मोठी पावले लेकीची असतात. शब्द पाळला जातो, दोघींनाही मुले होतात, आणि त्या मुलांचे परस्परांशी नाते काय, असा प्रश्न वेताळ विचारतो. राजाला उत्तर सुचत नाही, तो खरोखरच निरुत्तर होऊन चालत राहतो, आणि या प्रामाणिक मौनावर प्रसन्न होऊन वेताळ त्याला भिक्षूने त्याच्याविरुद्ध रचलेल्या कपटातून वाचण्याचा मार्ग सांगतो. ज्याच्याकडे प्रत्येक प्रश्नाचे उत्तर होते तो पुन्हा पुन्हा मागे फिरला आणि ज्याला उत्तर सापडले नाही तो वाचला, हा काळोखी कथेचा फार जुना आणि फार प्रगल्भ निष्कर्ष आहे.

'कथासरित्सागरा'चे मूळ मानल्या जाणाऱ्या गुणाढ्याच्या 'बृहत्कथे'ची दंतकथाही पैठणच्याच सातवाहन दरबारात घडते. राजाला संस्कृत व्याकरण सहा वर्षांत शिकवण्याचे गुणाढ्य मान्य करतो, शर्ववर्मा ते सहा महिन्यांत शिकवून दाखवतो, आणि पैजेत हरलेला गुणाढ्य संस्कृत, प्राकृत आणि देशी या तिन्ही भाषांचा त्याग करून पैशाचीत, म्हणजे पिशाचांची मानलेल्या भाषेत, सात लाख श्लोक स्वतःच्या रक्ताने लिहितो. राजा तो ग्रंथ झिडकारतो, तेव्हा गुणाढ्य एकेक पान पशुपक्ष्यांना वाचून दाखवतो आणि अग्नीत टाकतो. ऐकणारे प्राणी चरायचे विसरतात, त्यांचे मांस सत्त्वहीन होऊन राजा आजारी पडतो, आणि कारण कळून तो धावत येईपर्यंत एक लाख श्लोकच उरलेले असतात. कथेशिवाय राज्याचे अन्नसुद्धा निःसत्त्व होते, असे सांगणारी ही दंतकथा पैठणच्या नावावर जमा आहे, याचा मराठी वाचकाला अभिमान वाटायला हवा.

भुईगावच्या परिसराचा वाटाही लहान नाही. 'दिव्यावदान' या बौद्ध कथासंग्रहातील पूर्ण हा शूर्पारकचा, व्यापारी पिता आणि दासी माता यांचा पुत्र. समुद्रव्यापारात नाव काढून पुढे तो भिक्षू होतो. त्याचा भाऊ 'गोशीर्ष' जातीच्या चंदनाच्या वनात पोचतो, पाचशे कुऱ्हाडी चालू लागतात, आणि वनाचा स्वामी असलेला यक्ष संतापून काळे वादळ उठवतो, तेव्हा धावा ऐकून पूर्ण जहाजावर प्रकट होतो आणि वारा थांबतो. अजिंठ्याच्या दुसऱ्या लेण्यातील भित्तिचित्रात ही समुद्रकथा रंगवलेली आहे. कथा आणि चित्र यांची सांगड या प्रदेशात किती जुनी आहे, याचा हा पुरावा होय.

बौद्ध धर्माबरोबर भारतीय कथा चीनमार्गे जपानला पोचल्या. बाराव्या शतकातील 'कोंजाकु मोनोगातारीशू' या एकतीस खंडांच्या आणि हजारांहून अधिक कथांच्या संग्रहाचे पहिले पाच खंड 'तेंजिकु'ला, म्हणजे भारताला, वाहिलेले आहेत. अतिथीसाठी अग्नीत उडी घेणारा आणि चंद्रावर उमटलेला ससा त्यात भेटतो, तसा एकशिंगी ऋषीच्या रूपात ऋष्यशृंगही भेटतो. वेताळाची चौकट तशीच्या तशी जपानला गेली, असे म्हणण्याला आधार नाही आणि तसे म्हणण्याची गरजही नाही. जपानने आपली चौकट स्वतः घडवली. एदो काळातील 'ह्याकुमोनोगातारी काइदानकाइ' या मैफलीत जमलेले लोक एकेक भयकथा सांगत आणि प्रत्येक कथेनंतर एकेक दिवा मालवत, आणि शंभरावा दिवा मालवला की काहीतरी अमानवी प्रकट होईल असा समज असे. तोरियामा सेकिएन या चित्रकाराने १७७६ मध्ये 'योकाई', म्हणजे भुतेखेते आणि अद्भुत जीव यांची सचित्र नोंदवही छापली, तर त्याच वर्षी उएदा आकिनारी यांचा 'उगेत्सु मोनोगातारी' हा गूढकथासंग्रह प्रसिद्ध झाला. चित्र आणि काळोखी कथा तेथे अशी हातात हात घालून चालली.

विसाव्या शतकात या दोहोंना जोडणारा दुवा 'कामिशिबाई' हा होता. सायकलवर लाकडी चौकट घेऊन येणारा कथेकरी मुलांना गोळ्या विकत असे आणि चौकटीतली चित्रे एकामागून एक सरकवत गोष्ट सांगत असे. दुसऱ्या महायुद्धात राबाउल येथे डावा हात गमावलेले शिगेरू मिझुकी युद्धानंतर कामिशिबाईची चित्रे काढू लागले, आणि त्याच परंपरेतला किटारो हा कबरस्तानातला मुलगा त्यांनी १९६० मध्ये भाड्याने वाचायला मिळणाऱ्या मांगा पुस्तकांत आणि १९६५ पासून साप्ताहिकात आणला. पुढे दंततंत्रज्ञाचे काम करणारे जुंजी इतो यांनी १९८७ मध्ये एका भयकथाविषयक मासिकात 'तोमिए' सुरू केली, जिच्यात खून झालेली मुलगी प्रत्येक कथेत परतते आणि भोवतालच्या माणसांतली हिंसा उघडी पाडते. रस्त्यावरच्या कथेकऱ्यापासून मासिकापर्यंत जपानी चित्रकथेचा धागा असा अखंड राहिला.

महाराष्ट्रात कामिशिबाईला तोडीस तोड परंपरा होती. सिंधुदुर्गातील कुडाळजवळच्या पिंगुळीचे ठाकर कलावंत सुट्या कागदांवरची चित्रे क्रमाने दाखवत, वाद्यांच्या साथीने कथा गात. 'चित्रकथी' नावाच्या या कलेतील चित्रांना 'पैठणी चित्रे' असेही नाव पडले, आणि परशुराम गंगावणे यांना २०२१ साली जाहीर झालेल्या पद्मश्रीने या कलेचा गौरव झाला. मात्र चित्रकथी प्रामुख्याने रामायण-महाभारतात रमली आणि छापखान्यापर्यंत तिची वाट गेली नाही. याच जिल्ह्यात आरवलीचा वेतोबा आहे. त्याला भाविक केळीचे घड आणि भल्यामोठ्या चामडी वहाणा अर्पण करतात, आणि रात्री गावाची राखण करत फिरल्यामुळे त्या वहाणा झिजतात अशी श्रद्धा आहे. कोकणाने वेताळाला भुतांचा राजा मानले आणि त्याच वेळी रखवालदारही केले. भय आणि आधार एकाच मूर्तीत पाहणारी ही दृष्टी काळोखी कथेसाठी फार मोलाची आहे.

छापील मराठीत वेताळ लवकर आला. सदाशिव काशीनाथ छत्रे यांची 'वेताळपंचविशी' १८३०च्या सुमारास प्रसिद्ध झाली. मराठी मुलांना तो चित्रांतून भेटला तो मात्र मद्रासहून. १९४७ मध्ये तेलुगू आणि तमिळमध्ये निघालेल्या 'चांदामामा'ची मराठी आवृत्ती 'चांदोबा' १९५२ पासून येऊ लागली आणि मूळच्या पंचवीस कथा संपल्यावरही तिने नव्या कथा त्याच चौकटीत बसवून मालिका अनेक दशके चालवली. चित्रकार शंकर यांनी काढलेला, एका हातात तलवार आणि खांद्यावर प्रेत घेऊन चालणारा राजा कित्येक पिढ्यांच्या मनात तोच कायमचा विक्रम झाला. १९६४ मध्ये सुरू झालेल्या इंद्रजाल कॉमिक्सने तर अमेरिकेतल्या 'फँटम'लाच मराठीत वेताळ केले.

मराठीची स्वतःची काळोखी कथा मात्र शब्दांत वाढली, आणि तिचे घर दिवाळी अंक हे होते. काशीनाथ रघुनाथ मित्र यांच्या 'मनोरंजन'ने १९०९ मध्ये दिवाळी अंकाची प्रथा पाडली. पुढे 'नवल' आणि 'धनंजय' यांसारख्या अंकांनी गूढ, भय आणि विज्ञानकथांना हक्काची पाने दिली. नारायण धारप यांनी 'समर्थ' हे दुष्ट शक्तींशी झुंजणारे पात्र कथेमागून कथेत आणून मालिकेचे तंत्र मराठीत रुजवले. रत्नाकर मतकरी यांनी 'खेकडा'पासूनच्या संग्रहांत भीतीचे मूळ भुतात नव्हे तर माणसाच्या मनात शोधले, आणि त्यांच्या कथांवरील 'गहिरे पाणी' ही दूरचित्रवाणी मालिका म्हणजे याच प्रकारची कथामालिका होती. जी. ए. कुलकर्णी यांनी १९७५ च्या 'रमलखुणा'तील 'प्रवासी' आणि 'इस्किलार' या दीर्घकथांत अद्भुताला नियतीच्या चिंतनाची उंची दिली. 'तुंबाड' हा २०१८ चा चित्रपट धारपांच्या कथेच्या प्रेरणेतून आणि कोकणच्या भूमीवर उभा राहिला, तेव्हा ही परंपरा दृश्यरूपात किती समर्थ ठरू शकते हे सगळ्यांना दिसले.

दिवाळी अंकात चित्रकारही कमी नव्हते. दीनानाथ दलालांची 'दीपावली' आणि रघुवीर मुळगावकरांची 'रत्नप्रभा' हे तर चित्रकारांचेच अंक होते. तरीही गूढकथेच्या वाट्याला बहुधा शीर्षकापाशी एखादे रेखाचित्र आले. चित्राने कथा सांगावी, पानागणिक चौकटी मांडून वाचकाचा श्वास रोखावा, आणि तोच निवेदक दरवर्षी नव्या कथेसह परत यावा, अशी मांडणी रुजली नाही. ही उणीव प्रतिभेची नव्हे, योजनेची आहे. पैठणची चौकट, पिंगुळीची चित्रभाषा, धारप-मतकरींची कथनशैली आणि वर्षानुवर्षे तोच अंक विकत घेणारा वाचक, या चारही गोष्टी मराठीत आहेत. संपादकांनी गूढकथालेखक आणि चित्रकार यांना एकाच करारात बांधावे, मालिकेला किमान पाच दिवाळ्यांची मुदत द्यावी, आणि कथेअखेर न्यायाचा प्रश्न वाचकाच्या स्वाधीन करण्याचे धैर्य दाखवावे. आजारपण, लग्न, बाळंतपण आणि प्रवास यांची भुईगावच्या शिळेवरची भीती आजच्या मराठी घरातही वस्तीला आहे, आणि तिला मराठी चित्रांतून वाचा फोडणे हे मराठी लेखक-चित्रकारांचेच काम आहे.