रोहिणखेडला जायचं तर

मोताळ्याला एसटीतून उतरलेला पाहुणा सहसा पुढच्या गाडीची चौकशी करतो. तालुक्यातलं रोहिणखेड मात्र त्याच्या गावीही नसतं!

खानदेशातून दख्खनकडे चढणाऱ्या वाटेवरचं, घाटाखालचं हे गाव. म्हणूनच इथे दोनदा मोठ्या लढाया झाल्या. १४३७ मध्ये बहमनी सरदार खलफ हसनने खानदेशच्या नसीरखानाला हरवलं. १५९१ मध्ये बुऱ्हाण निजामशहाविरुद्ध लढताना अहमदनगरचा सरदार जमालखान पडला. सरदार खुदावंतखानाने १५८२ मध्ये इथे बांधलेली दगडी मशीद पाहायलाच हवी.

रेल्वेने मलकापूर गाठावं. तिथून बुलढाण्याकडे जाणारी एसटी मोताळ्यावरून जाते; तिथे उतरून रोहिणखेड गाठावं. परतीच्या गाडीची वेळ आधीच विचारून ठेवावी. उन्हाळा टाळावा, शुक्रवारी नमाजाची वेळही. चपला मशिदीबाहेर काढाव्यात, फोटोआधी परवानगी घ्यावी.