चार जाड तारा

आमच्या गल्लीतला एक रिक्षावाला गेल्या महिन्यात मुलाला घेऊन घरी आला. मुलगा नुकताच बारावी झालेला, मान खाली. बाप उभ्याउभ्याच म्हणाला, "भाई, छोरा बेस लेना बोलता. पच्चीस हजार. लेऊँ क्या?"

गल्लीत आता मला लोक कवी म्हणून ओळखतात, म्हणजे लग्नपत्रिकेवर चार ओळी लिहून घ्यायला येतात. पण जुन्या माणसांना आठवतं, की १९८८ ते २००१ अशी तेरा वर्षं मी एका ऑर्केस्ट्रात बेस गिटार वाजवत होतो. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला असताना सुरुवात झाली आणि पदवीपेक्षा जास्त दिवस तिनंच पोट भरलं. तरी मला त्या बापाला 'घे' किंवा 'नको घेऊस' असं एका शब्दात सांगता येईना. रिक्षावाल्याच्या घरात पंचवीस हजार ही काही लहान रक्कम नव्हे. दोघांना बसवलं, चहा टाकायला सांगितला आणि तासभर बोललो. तेच जरा नीट लावून इथे सांगतो.

आधी बापाला बेस म्हणजे काय तेच सांगावं लागलं. साध्या गिटारला सहा तारा, बेसला चार. तारा जाड आणि मान लांब. गिटारची वाजती तार साधारण साडेपंचवीस इंच असते, बेसची ३४ इंच. सगळ्यात जाड तार सेकंदाला सुमारे ४१ वेळा थरथरते. माणसाच्या कानाची खालची हद्द २० कंपनं मानतात, म्हणजे आपण त्या हद्दीच्या जवळच वावरतो. त्यामुळे बेस कानापेक्षा छातीला आणि पायाखालच्या फळीला आधी कळतो. पूर्वी हे काम माणसाएवढा उंच, उभा डबल बेस करायचा. तो बसमधून नेता येत नाही आणि ढोल वाजू लागला की ऐकूही येत नाही. अमेरिकेत लिओ फेंडर यांनी १९५१ मध्ये 'प्रिसिजन बेस' बाजारात आणला आणि ते ओझं गळ्यात अडकवता येईल एवढं झालं.

"पर आवाज तो आताच नहीं उसका," बाप म्हणाला. त्याची तक्रार खरी आहे. रेडिओच्या छोट्या स्पीकरमधून ४१ कंपनांचा सूर बाहेर पडूच शकत नाही. पण त्या सुरासोबत त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनांचे सूरही निघत असतात. ते ऐकून आपला मेंदू खालचा मूळ सूर स्वतःच भरून घेतो. म्हणजे लहानपणी ट्रान्झिस्टरवर राहुलदेव बर्मन यांची गाणी ऐकताना टोनी वाझ यांच्या बेसचा बराचसा भाग आपण आपल्याच डोक्यात वाजवत होतो!

एकदा नवरात्रात, गाणं ऐन रंगात असताना माझा बेस मधेच बंद पडला. (का, ते पुढे सांगतो.) बेस बंद झाला हे प्रेक्षकांतल्या एकालाही कळलं नाही. नाचणारे मात्र अर्ध्या मिनिटात थांबले आणि एकमेकांकडे बघू लागले. गझलेतही असंच असतं. दाद मिळते ती काफियाला, वृत्ताला कोणी 'वाहवा' म्हणत नाही. पण एक मात्रा चुकली की सगळी मैफल अवघडते. मोटाउन कंपनीच्या असंख्य गाण्यांत बेस वाजवणारे जेम्स जेमर्सन उजव्या हाताचं एकच बोट वापरायचे. वर्षानुवर्षं त्यांचं नाव रेकॉर्डच्या वेष्टनावर नव्हतं. ते छापलं गेलं १९७१ च्या 'व्हॉट्स गोइंग ऑन'वर. नाव हवं असेल तर गाणं शीक, असं मी त्या मुलाला सरळच सांगितलं. तो पहिल्यांदाच हसला.

आता खरेदी. आज पंधरा ते पंचवीस हजारांत नव्या नवशिक्याला पुरेसा चांगला बेस मिळतो. आमच्या वेळी या पैशाच्या हिशेबात जे मिळायचं, त्याच्या मानेवर कपडे वाळत घालावेत अशी त्याची अवस्था असायची. चारच तारांचा घ्यावा. पाच तारांचा दिसायला भारदस्त, पण जी तार वाजवायची नसते ती गप्प ठेवणं हेच बेसवाल्याचं निम्मं काम असतं. ते आधी चारांवर जमू दे. दुकानात जाऊन कंपनीचं नाव नंतर वाचावं, आधी मान बघावी. बेस बंदुकीसारखा डोळ्यापाशी धरून मानेवरून नजर टाकली की ती पिळलेली आहे का ते दिसतं. किंचित पोक चालतो, पीळ चालत नाही. चारही तारा मिळून मानेला सत्तर-ऐंशी किलोंचा ताण देत असतात. तो सांभाळायला आत लोखंडी गज असतो, त्याला ट्रस रॉड म्हणतात. पावसाळ्यात मान हलते, तेव्हा हा गज पाव फेराच फिरवावा आणि एक दिवस थांबावं. जोर लावून तो तोडणारे बहाद्दर मी पाहिलेत. मग प्रत्येक तार प्रत्येक पडद्यावर दाबून वाजवावी. कुठे खरखरलं, कुठे सूर मेला, हे दुकानदाराला आवडो न आवडो, सगळं ऐकूनच घ्यावं.

खरखरीवरून आठवलं. माझ्या पहिल्या बेसची तार वरच्या घोडीपाशी खरखरायची. आमची मिरज म्हणजे सतारी-तंबोऱ्यांचं गाव; २०२४ मध्ये त्यांना भौगोलिक मानांकनही मिळालं. मी बेस उचलला आणि ओळखीच्या एका तंबोरे करणाऱ्या चाचांकडे गेलो. त्यांनी तार छेडली, डोळे मिटले आणि म्हणाले, "जवारी तो अच्छी लगी है, निकालता कायको?" तंबोऱ्यात तार घोडीला घासून जो गुंजारव निघतो, तो लावायला त्यांचा जन्म गेला होता, आणि हा पोरगा तोच काढून टाका म्हणतोय! त्यांनी कानस मारून दिली खरी, पण नाराजीनं. पुढे मी जॅको पास्टोरियस यांची १९७६ ची रेकॉर्ड ऐकली. या माणसानं बेसचे पडदे काढून टाकले आणि लाकडाला इपॉक्सीचा जाड थर दिला. त्यावर तार घासून जो भरीव, बोलका आवाज निघतो, तो ऐकताना मला चाचांची आठवण झाली. ते तेव्हा हयात नव्हते.

बेसमध्ये दोन जाती असतात. एकाला बॅटरी लागत नाही, दुसऱ्याच्या पोटात नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी असते. बॅटरीवाल्याचा आवाज जास्त फिरवता येतो, पण त्यात केबलची पिन खोचलेली राहिली की वाजवा न वाजवा, बॅटरी उतरत जाते. नवरात्रात माझं तेच झालं होतं. मित्राचा बेस आणलेला आणि दुपारपासून पिन आत. पहिला बेस बिनबॅटरीचाच घ्यावा.

अँपच्या बाबतीत बाप लोक फसतात, कारण वॅटचा आकडा त्यांना घोड्यांच्या शर्यतीसारखा वाटतो. घरी सरावाला १५-२० वॅटचा पुरतो. ड्रमसोबत मात्र तो कुजबुजल्यासारखा वाटेल. तिथे दोन-तीनशे वॅट लागतात. खालचे सूर आपल्या कानाला मुळात कमी ऐकू येतात आणि ते काढायला स्पीकरला पुष्कळ हवा ढकलावी लागते, म्हणून गिटारपेक्षा बेसला दाणापाणी जास्त. पण हा खर्च पहिल्या वर्षी करू नये. कार्यक्रमाच्या ठिकाणी साउंडवाल्याकडे डीआय बॉक्स असतो. त्यातून बेस थेट मिक्सरला जातो. अँप असलाच तर तो कोपऱ्यात ठेवू नये, भिंती खालचे सूर फुगवतात आणि सगळा चिखल होतो. सर्वांत खालच्या सुराची एक लाट सत्तावीस फूट लांब असते. त्यामुळे पत्र्याच्या मंगल कार्यालयात एका खुर्चीवर बेस घुमतो आणि चार खुर्च्या सोडून गायब होतो. तो दोष वाजवणाऱ्याचा नसतो. आणि एक, गिटारची केबल स्पीकरला कधी जोडू नये. पिन सारखीच असते, पण आतली तार बारीक. ती तापते आणि अँपला घेऊन जाते.

विजेबद्दल मात्र मी बापाकडे बघून बोललो. १९९४ मध्ये एका गावच्या उरुसात कार्यक्रम होता. वीज जनरेटरची. अँपमधून घुंऽऽ असा आवाज येत होता, म्हणून आमच्यातल्याच कोणीतरी थ्री-पिनची वरची जाड पिन पक्कडीनं मोडली. घुंकार थांबला, सगळे खूश. तिसऱ्या गाण्याला कोरससाठी मी माईकजवळ तोंड नेलं. माझे दोन्ही हात तारांवर होते. ओठ माईकला लागले आणि पुढचं मला आठवतं ते थेट मंचाच्या मागच्या कनातीपासून. झटक्यानं मागे फेकला गेलो, म्हणून वाचलो. डाव्या हाताची दोन बोटं दोन दिवस बधिर होती. अम्मीला सांगितलं, जिन्यावरून पडलो.

यामागचं कारण साधं आहे. बेसच्या तारा घोडीतून, केबलमधून अँपच्या धातूच्या सांगाड्याला जोडलेल्या असतात आणि सांगाडा त्या जाड पिनेतून जमिनीला. अर्थिंग शाबूत असेल तर अँपमध्ये काही बिघडलं तरी वीज जमिनीत जाते, फ्यूज उडतो, बस. पिन मोडली की तोच बिघाड २३० व्होल्ट घेऊन तुमच्या बोटांशी येऊन बसतो आणि माईकचं अर्थिंग ठीक असेल तर तुमच्या शरीरातून वाट काढतो. म्हणून पिन कधीही मोडायची नाही. घुंकार येत असेल तर मंचावरची सगळी वाद्यं आणि मिक्सर एकाच बोर्डावर घ्यावेत, बहुतेक वेळा तो थांबतो. वाजवायच्या आधी टेस्टर तारांना लावून पाहावा, माईकच्या जाळीलाही. आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवलेला एक्स्टेन्शन बोर्ड स्वतःचा असावा; गळती झाली की तो डोळ्याची पापणी लवायच्या आत वीज तोडतो. मांडववाला हसेल, हसू द्यावं.

दुसरा धोका उशिरा कळतो. तेरा वर्षं ड्रमरची झांज माझ्या डाव्या कानाशी होती. आज त्या कानात रातकिडा बसलेला आहे, चोवीस तास. फजरच्या शांततेत तो सगळ्यात जोरात असतो. ८५ डेसिबलचा आवाज आठ तासांपर्यंत चालतो असं मानतात आणि दर तीन डेसिबल वाढले की ही मुदत निम्मी होते. शंभर डेसिबलला उरतात पंधरा मिनिटं, आणि आमचा कार्यक्रम तीन तासांचा. कानात घालायचे फोमचे बोळे अगदी किरकोळ पैशांत मिळतात, खिशात ठेवावेत. रात्री दहानंतर लाउडस्पीकर बंद, हा नियम २००० सालचा. सणाच्या मोजक्या दिवशी सरकार बारापर्यंत सूट देतं. आयोजक 'आणखी एक' म्हणाला तरी घड्याळ बघावं. पोलीस आले की आयोजक सापडत नाही, मंचावरचे सापडतात.

बाकी तयारी थोडकी. चिमट्याचा ट्यूनर, एक जास्तीची केबल, पुसायला फडकं, टॉर्च. पट्टा रुंद असावा, चार किलोंचं ओझं तीन तास एका खांद्यावर असतं. तारा महाग, सेट सहज दीड-दोन हजारांना जातो, पण वाजवून झाल्यावर पुसल्या तर वर्षानुवर्षं टिकतात. जेमर्सन तर तुटेपर्यंत बदलत नसत. वाद्य गाडीत ठेवून जेवायला जाऊ नये. बीटल्सच्या पॉल मॅकार्टनी यांचा १९६१ मध्ये घेतलेला हॉफनर बेस १९७२ मध्ये व्हॅनमधून चोरीला गेला, तो परत मिळाल्याचं जाहीर झालं २०२४ मध्ये. रिक्षावाल्याच्या मुलाला एवढं थांबणं परवडायचं नाही.

शेवटी बापानं विचारलं, "काम मिलेगा क्या?" खोटं सांगवेना. ऑर्केस्ट्रात खर्च कापायची वेळ आली की पहिला जातो तो बेसवाला. आमच्याकडे की-बोर्डवाल्याचा डावा हात बेस वाजवू लागला आणि २००१ मध्ये मालकानं मला चहा पाजून निरोप दिला. आता तर मोबाइलवरच्या ट्रॅकवर गाणारेच जास्त. सुपारी मिळेल, पण त्यावर घर चालेल असं धरून चालू नये. आयटीआयला इलेक्ट्रिशियनचा अर्ज भर आणि संध्याकाळी वाजव, असं मी मुलाला म्हटलं. दुपारच्या शिक्षणाचा उपयोग मंचावर होईल. नवा नको, जुना बघ, निम्म्यात मिळेल.

गेल्या रविवारी तो आला. खांद्याला बेस, हातात छोटा अँप. दोन्ही मिळून अकरा हजार. मान सरळ होती, पडदे ठीक. एक तार जराशी खरखरत होती, मी काही बोललो नाही. अँपची वायर हातात घेतली तर जाड पिन मोडलेली. "चाचा, दुकानवाला बोला चलता है," तो म्हणाला. मी वायर त्याच्या हातात दिली आणि त्याला कोपऱ्यावरच्या इलेक्ट्रिकच्या दुकानात पिटाळलं. तो नवा प्लग घेऊन येईपर्यंत बेस माझ्या मांडीवर होता, अँपविना.